खुर्च्या बघायला गेलो आणि पेट्या बघून आलो

दिल्लीहून परत आल्यावर आठवडाभर माझ्या दुकानात माणसांची रीघ लागली होती. गिऱ्हाइकं नव्हेत, चौकशीवाले. लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का, चांदणी चौकात पराठे खाल्ले का. मी खरं ते सांगितलं. तीन दिवस दिल्लीत होतो आणि त्या तीन दिवसांत जे काही पाहिलं ते बहुतेक ओणवं होऊन, खुर्च्यांच्या खालच्या अंगाने पाहिलं. कोणाचा विश्वास बसेना. शेजारचे कापडवाले तर म्हणाले, "भैया, इतनी दूर गए और सिर्फ कुर्सी देखी?" त्यांच्यासाठी, आणि आमच्या धंद्यातल्या ज्या चार लोकांना तिकडे जायला जमलं नाही त्यांच्यासाठी, हे लिहून काढतो आहे.

निघण्याआधी

जबलपूरच्या गोरखपूर बाजारात माझं फर्निचरचं दुकान आहे. मागे एक शेड, त्यात दोन सुतार आणि तिसरा मी. पलंग, कपाटं, टेबलं, जे मागाल ते. नवा नमुना हवा असला की कोणीतरी मुंबईहून आणलेलं जुनं मासिक उघडायचं आणि चित्रावर बोट ठेवायचं, ही आमची पद्धत. चित्रात खुर्चीची पुढची बाजू दिसते, मागची दिसत नाही. त्यामुळे आजवर मी विकलेल्या सगळ्या खुर्च्या पुढून विलायती आणि मागून जबलपुरी आहेत. बहात्तरच्या हिवाळ्यात दिल्लीत मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतंय आणि त्यात देशोदेशीचं घरसामानही आहे असं कळलं, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की एकदा खुर्चीची मागची बाजू बघून यायचं.

एकटाच जाणार होतो. दाजींना बरोबर न्यायचं ताईने ठरवलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावातच घमापूरला राहतात आणि लष्कराच्या फॅक्टरीत लाकूडकामाच्या खात्यात आहेत. तिथे ते काय बनवतात हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बासष्टची लढाई लागली तेव्हा एका साहेबांनी सगळ्यांना मैदानात उभं करून बजावलं होतं की आत काय बनतं, किती बनतं, हे बाहेर कोणापाशी बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी पानाच्या ठेल्यावर विसरले. दाजी विसरले नाहीत. मग पासष्टची लढाई झाली, एकाहत्तरची झाली. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून ते घरी यायचे, केसांत देवदाराचा भुसा असायचा, सदऱ्याला त्याचाच वास यायचा, आणि ताईने "आज फार काम होतं का?" असं विचारलं की म्हणायचे, "होतं."

आता गंमत अशी की ते तोफगोळ्यांच्या पेट्या बनवतात हे अख्ख्या घमापूरला माहीत आहे. जवळच्या लष्करी रेंजवर गोळ्यांची चाचणी झाली की घरातली तावदानं हलतात. गोळा आहे म्हणजे त्याला पेटी लागणार आणि अंगाला भुसा आहे म्हणजे पेटी हेच करतात, एवढा हिशोब दूधवाल्यालाही जमतो. मी एकदा चिडवलं होतं, "दाजी, लढाई संपली ना आता. बोला की." ते शांतपणे म्हणाले, "लढाई संपली. पण आता तोंड उघडा, असं कोणी सांगितलं काय? मी तरी नाही ऐकलं."

तर हे दाजी फाल्गुनात निवृत्त होणार होते आणि वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुधाचं, लग्न होतं. मुलाकडच्यांनी काहीही मागितलं नव्हतं. दाजींनीच जाहीर केलं की पोरीच्या घरचं बसायचं सामान मी माझ्या हाताने करीन. मी म्हटलं, माझ्या दुकानातून हवं ते उचला. ते नको. जन्मभर सुतारकी केली आणि पोरीला दुकानातली खुर्ची देऊ?

दिवाळीच्या सुटीत त्यांनी ओसरीवर बसून नमुन्याची एक खुर्ची केली. ताईने मला बघायला बोलावलं. मी पाहिली. चारी बाजूंनी काटकोन, पाठ सरळसोट, बसायची फळी वर आणि खाली एकाच मापाची. चार माणसं उभी राहिली तरी हलली नसती. पण कुठूनही पाहा, ती पेटी होती. पेटीला पाठ फुटली होती एवढंच. दाजींनी ती झाकायला वरून लाल रेक्झिन ठोकलं होतं, त्यामुळे ती लाल पेटी झाली होती. ताईने तिच्यावर कणकेचा डबा ठेवला होता, आणि तो डबा तिथे फार शोभत होता.

मी हसलो नाही. हसणार होतो, पण दाजी आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

"वसंता," ते म्हणाले, "माझे हात पेटीचे झाले रे. दुसरं काही निघूनच नाही राहिलं त्यांच्यातून. वळण द्यायला जातो नं, तर हात आपोआप काटकोनाच्या गुण्याकडे जातो."

दाजींच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी क्वचितच ऐकलं होतं. मला फार वाईट वाटलं. ताई मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "घेऊन जा त्यांना दिल्लीला. चांगलं काही डोळ्यांखालून जाऊ दे. नाही तर हे व्याह्यांना पेट्यांवर बसवतील."

दिल्ली, पहिला दिवस

गाडीचं काही सांगण्यासारखं नाही. इटारसीला बदलली, उशिरा आली, पोचली. ताईने पनागरच्या मटारच्या करंज्या आणि दशम्या दिल्या होत्या, त्या दिल्ली येईपर्यंत पुरवायच्या होत्या, पण इटारसीच्या आधीच संपल्या. थंडी आपल्याकडच्यापेक्षा बोचरी. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत सामान टाकलं, गरम पाण्याच्या एका बादलीत दोघांनी अंघोळ उरकली आणि प्रदर्शनाला गेलो.

ज्यांनी असं प्रदर्शन पाहिलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो की आपल्याकडच्या जत्रेत आणि त्यात फरक फक्त आवाजाचा. गर्दी तीच, धूळ तीच, हरवलेली मुलं तीच. पण कोणी ओरडून माल विकत नाही. वस्तू चौथऱ्यावर ठेवलेली, तिच्यावर वरून दिवा सोडलेला, आणि पुढे दोरी. हात लावायचा नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी खुर्ची हलवून पाहतं, मग तिच्यावर धपकन बसतं, मग भाव विचारतं. इथे खुर्चीचं नुसतं दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं.

एका मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. नारिंगी रंगाच्या, एका साच्यातून काढलेल्या, कुठे सांधा नाही, खिळा नाही. मी खोटं बोलणार नाही, मला धडकी भरली. या जर जबलपूरला आल्या तर माझे दोन सुतार आणि मी काय करणार? तेवढ्यात मंडपातल्या बाईने लोकांना एका खुर्चीवर बसून बघायला सांगितलं. एक जाडजूड लाला पुढे झाले. ते बसले आणि बसल्या बसल्या, सवयीने, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालायला गेले. खुर्ची निमुळती. लाला एका बाजूला, खुर्ची दुसऱ्या बाजूला. तिघांनी मिळून त्यांना उठवलं. मी वहीत लिहून घेतलं: बसायची जागा रुंद ठेवणे, आपली माणसं मांडी घालतात. त्या दिवशी काढलेल्या सगळ्या चित्रांपेक्षा ही ओळ माझ्या जास्त कामी आली.

मी चित्रं काढत होतो ती चोरून. पंचाच्या आड वही धरायची, दोन रेघा मारायच्या, पुढे जायचं. खुर्च्यांच्या मागच्या बाजू मी अखेर पाहिल्या. तिरके पाय, वाकवलेली लाकडं, कागदाच्या दोरीने विणलेल्या बैठका. वही भरत आली. मध्येच मागे वळून पाहिलं तर दाजी नाहीत.

सापडले ते मंडपाच्या मागच्या बाजूला, कनातीच्या फटीतून आत बघताना. मी विचारलं, "अहो, खुर्च्या तिकडे आहेत. इथे काय बघून राहिलात?"

"खुर्च्या पाहिल्या. छान आहेत," ते म्हणाले. "पण समुद्रावरून आल्या नं त्या? मग कशात भरून आल्या?"

मी कपाळाला हात लावला. कनातीच्या मागे रिकाम्या लाकडी पेट्यांची चळत लागली होती आणि दाजी तिच्याकडे असे पाहत होते की जसं परगावी आपल्या आळीतलं माणूस भेटावं. ताईने सांगितलं होतं, चांगलं काही डोळ्यांखालून जाऊ दे. मी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे आणलं.

संध्याकाळी छोले-भटुरे खाल्ले. दाजींचं मत पडलं की भटुरा म्हणजे गर्वाने फुगलेली पुरी. वर जिलेबी घेतली. पिवळी, पातळ, कुरकुरीत. आपल्याकडची खव्याची काळपट जिलेबी ज्याने खाल्ली आहे त्याने तिला जिलेबी म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही दोघांनीही म्हटलं नाही, पण पाव किलो संपवली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्मार्कच्या मंडपात शिरलो आणि मी तिथेच खिळलो. सगळं लाकडाचं, तेही कसं, तर हात फिरवावासा वाटेल असं. एका खुर्चीचा हात मनगटापाशी इतका सुरेख वळला होता की मला माझ्या सगळ्या खुर्च्यांची लाज वाटली. दहा-पंधरा मिनिटं मी तिच्याभोवती घिरट्या घालत होतो. तेवढ्यात मागच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला, "ए बाबा! क्या कर रहे हो? बाहर निकलो!"

बाबा कोण हे मला न बघताच कळलं.

कनातीमागे दाजी एका उघड्या पेटीत वाकले होते. नुसते वाकले असते तर एक वेळ चाललं असतं, पण त्यांच्या हातात फूटपट्टी होती. ते पेटीच्या कोपऱ्याचं माप घेत होते. प्रदर्शनाचा एक पहारेकरी, चांगला उंचापुरा जवान माणूस, काठी घेऊन त्यांच्यासमोर उभा होता.

"कहाँ से आए हो?"

"जबलपूर," दाजी म्हणाले.

"क्या काम करते हो?"

दाजी गप्प.

"अरे, पूछ रहा हूँ, काम क्या करते हो?"

दाजी काठीच्या वरून कुठेतरी बघत उभे राहिले. मी धावत गेलो, दुकानाचं कार्ड काढून दिलं, म्हटलं, हमारे जीजाजी हैं, हम लोग फर्निचरवाले हैं. पहारेकऱ्याने कार्ड वाचलं आणि म्हणाला, "आप तो दुकानवाले. ये क्या करते हैं, ये खुद बताएँ." मी दाजींच्या कानाशी लागलो, "सुतार म्हणा ना. काहून गप्प आहात?" ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "सुतार म्हटलं की कुठे विचारतील. कुठे सांगितलं की काय बनवता विचारतील. पहिल्यालाच थांबलेलं बरं."

युक्तिवादात चूक काढायला जागा नव्हती. पण लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. परदेशी मंडपाच्या मागे पट्टी घेऊन मापं काढणारा आणि आपला धंदा न सांगणारा माणूस पहारेकऱ्याला काय वाटला असेल हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. "चलो ऑफिस में," तो म्हणाला. इथे जर चौकशी झाली आणि ती फॅक्टरीपर्यंत गेली, तर निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाचं काय होईल? सुधाचं लग्न डोळ्यांसमोर आलं. दाजींना त्याची कल्पना नव्हती असं नाही, त्यांचे कान लाल झाले होते. पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

गडबड ऐकून मंडपातून दोघं आले. एक दुभाषी मुलगी, दिल्लीचीच, कॉलेजात शिकणारी असावी. आणि तिच्याबरोबर एक म्हातारा गोरा, गुडघ्यापर्यंत निळा एप्रन घातलेला, पांढऱ्या भुवयांचा. हा त्या मंडपातला सुतार, सामान जुळवायला बरोबर आणलेला. मुलीने सांगितलेलं त्याने ऐकलं, दाजींच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. दाजींच्या डाव्या अंगठ्याचं नख हातोडीने कायमचं काळं पडलेलं आहे. त्याचंही तसंच होतं. तो मुलीला काहीतरी म्हणाला.

"ये पूछ रहे हैं," मुलगी म्हणाली, "कि पेटी में आप क्या देख रहे थे?"

दाजींनी एक क्षण विचार केला. हा प्रश्न मनाईत बसत नव्हता. फॅक्टरीतल्या पेटीबद्दल बोलायचं नाही असा हुकूम होता, डेन्मार्कच्या पेटीबद्दल नव्हता.

"कीलें गलत लगी हैं," ते म्हणाले.

आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. हिंदी, मराठी, मध्येच हातवारे. सगळे खिळे एका ओळीत मारलेत म्हणून फळी रेषेरेषेने चिरली आहे. एक वर, एक खाली असे मारायला हवे होते. कोपऱ्यात नुसती फळीला फळी टेकवली आहे, खाच नाही, दात नाही. ही पेटी एका कोपऱ्यावर पडली तर आतला माल गेलाच. "एक चीज जरूर टूटी होगी," दाजी म्हणाले. "इस कोने की तरफ जो रखी थी, वो."

मुलीने भाषांतर केलं. म्हाताऱ्याने दाजींकडे बघितलं, आत गेला आणि एका खुर्चीचा मोडका पाय घेऊन आला. तो त्याच कोपऱ्यातला होता. पेट्या त्याने केल्या नव्हत्या, बंदरावर कोणीतरी घाईत ठोकल्या होत्या, आणि पाय मोडल्यापासून तो बिचारा तीन दिवस धुसफुसत होता. त्याने पहारेकऱ्याला हातानेच सांगितलं, जा. पहारेकरी कुरकुरला आणि गेला. मी एका पालथ्या पेटीवर बसून घेतलं.

दाजींनी कानामागची पेन्सिल काढली आणि पेटीच्या फळीवरच चित्र काढून दाखवलं. दोन फळ्यांच्या टोकांना कंगव्यासारखे दाते काढायचे आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे ते एकमेकांत बसवायचे. चित्र बघून म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि दाजींचा हात धरून त्यांना सरळ मंडपात, दोरीच्या आत, चौथऱ्यावर घेऊन गेला. मी मागोमाग.

तिथे एक लांबट, बसकी, झाकणाची पेटी होती. वर बसायचं, आत पांघरुणं ठेवायची. फिक्या रंगाच्या लाकडाची, वरून दिवा सोडलेली. तिच्या चारी कोपऱ्यांना तेच दाते होते. रंग नाही, पत्रा नाही, नुसतं तेल. फळीचं आडवं लाकूड गडद, उभं फिकं, त्यामुळे एकाआड एक चौकोन स्वच्छ दिसत होते.

दाजी कितीतरी वेळ बघत राहिले. मग मुलीला अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "बेटी, इनको बताओ, ये झाकना भूल गए हैं."

मुलगी हसली. तिने म्हाताऱ्याला सांगितलं, तोही हसला, पण चांगलं हसला. "भूले नहीं," मुलगी म्हणाली. "ये कह रहे हैं, यही तो दिखाना है. इसी के लिए लोग आते हैं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात तो सांधा झाल्याबरोबर त्यावर हिरवा रंग फासला जात असे, आणि पेटी गेटाबाहेर जात असे. ती पुन्हा कोणी बघत नसे. ते खाली बसले, सरळ जमिनीवर, आणि एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दोरीच्या बाहेर गर्दी थांबून बघायला लागली. कोणी "हात मत लगाओ" म्हटलं नाही.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी कुतुबमिनार बघायचा असं माझं पक्कं ठरलं होतं. सकाळी चहा घेताना मी तसं म्हटलं. दाजींनी ग्लास खाली ठेवला. "तू जाऊन ये. मला त्याची पेटी नीट करून द्यायची आहे. परतीच्या प्रवासात पुन्हा काही मोडलं तर?"

म्हणजे आयुष्यभर पेट्या करणारा माणूस सुटी काढून दिल्लीला आला आणि सुटीच्या दिवशी पेटी करत बसला. मीही मग कुठे गेलो नाही. दिवसभर मंडपाच्या मागे दोघे म्हातारे काम करत होते. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती. दाजी पटाशीकडे बोट दाखवायचे, तो द्यायचा. तो रंधा ढकलून चालवायचा आणि दाजींना त्याचं नवल नव्हतं, पण दाजी पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरून कापतात हे बघून त्याने स्वतःचे बूट काढले आणि तसं करायला गेला. जमलं नाही. दोघेही पोट धरून हसले. मी दाजींना असं हसताना ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना म्हाताऱ्याने दाजींच्या हातात एक चपटा ठोकळा ठेवला, दाते काढलेला, नमुन्याचा. दाजींनी त्याला काय द्यावं? खिशात सुपारी होती ती दिली. त्याने ती चावून बघितली आणि त्याचा चेहरा झाला तो मी वहीत काढायला हवा होता.

परत आल्यावर

माझ्या वहीतल्या चित्रांचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी तिरक्या पायांची एक खुर्ची केली. बैठक रुंद ठेवली. पहिल्याच गिऱ्हाइकाने मांडी घातली आणि तो पडला नाही. आता ती खुर्ची बऱ्यापैकी खपते आहे. मागची बाजू या वेळी विलायती आहे.

दाजी फाल्गुनात निवृत्त झाले. हार, नारळ, चहा, दोन भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तेव्हा सवयीने उठले आणि ओसरीवर जाऊन करवत उचलली. सागवान मी आणून दिलं होतं. महिनाभर ते कोणाला जवळ येऊ देत नव्हते. मला तर साफ सांगितलं होतं की बोलावीन तेव्हा ये.

चैत्रात एका दुपारी बोलावलं. मी गेलो तर ताई आणि सुधा आधीच ओसरीवर उभ्या होत्या. मधोमध एक लांबट, बसकी, झाकणाची पेटी. बाजूला दोन बुटक्या खुर्च्या, मांडी घालता येईल एवढ्या रुंद. खुर्च्यांमध्ये वळण एकही नव्हतं. चारी बाजूंनी काटकोन, जसे त्या लाल खुर्चीत होते तसेच. पण रेक्झिन नव्हतं. प्रत्येक कोपऱ्याला ते दाते होते, उघडे, तेल पाजलेले, आणि ते सगळे एकमेकांत असे बसले होते की मधून केस जाणार नाही. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे. खरं सांगतो, असा सांधा मला जमला नसता.

तरी दुकानदारच मी. म्हटलं, "दाजी, लोक म्हणतील रंग द्यायचा राहून गेला."

"म्हणू दे. मग त्यांना सांग, दिल्लीला जाऊन या."

सुधा खाली वाकून एका कोपऱ्यावरचे दाते मोजत होती. सगळे सारखे. दुसऱ्या कोपऱ्यावरचेही तेवढेच. तिने वर बघितलं. "बाबा, एकसारखं इतकं कसं जमलं तुम्हाला? पहिल्यांदाच केलं ना हे?"

दाजींनी फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग ते खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि घसा साफ केला.

"पहिल्यांदा नाही, बेटा," ते म्हणाले. "मी फॅक्टरीत हेच करत होतो. इतकी वर्षं. पेट्या बनवत होतो मी."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की हसशील तर खबरदार. मी मान खाली घातली. सुधाला हे वयाच्या पाचव्या वर्षापासून माहीत होतं. गल्लीतली पोरं तिला पेटीवाल्याची पोरगी म्हणायची. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, बापाच्या गुडघ्याला टेकून, आणि म्हणाली, "अच्छा? पेट्या? कशा असतात, सांगा ना."

दाजी सांगायला लागले. देवदार कसा निवडायचा, ओलं लाकूड वासावरून कसं कळतं, लढाईच्या दिवसांत एका पाळीत किती कोपरे व्हायचे, कोणाचं बोट गेलं, कोण रंध्यावर झोपून पडायचा. ताईचा चहा आला आणि गार झाला. आम्ही तिघं पहिल्यांदाच कळत असल्यासारखे ऐकत होतो. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आम्ही नाटक करत नव्हतो. हे आम्हाला खरोखरच माहीत नव्हतं.

शेवटी ताईने, बायकोच ती, विचारलंच, "आणि त्या पेट्यांत काय भरत होते हो?"

तेवढ्यात रेंजवर मोठा धडाका झाला. खिडकीची तावदानं थरथरली, कपात चमचा वाजला.

दाजींनी आवाज पूर्ण विरू दिला.

"ते नाही सांगता येत," ते म्हणाले.